झाकलेली रांग

आक्काची सून इतकी शिकली होती, की शिकायला काही उरलं नाही म्हणून सरकारने तिला नवीन काहीतरी शोधून काढायला बसवलं होतं. निदान आक्का चारचौघींत असंच सांगायची. आक्का स्वतः तिसरीतून उठलेली. सही करता येई, बसवरची पाटी वाचता येई, आणि समोरच्याचं तोंड बघून त्याच्या पोटातलं ओळखता येई. एवढ्या भांडवलावर तिने एक नवरा, तीन दीर आणि एक मुलगा सरळ केला होता. पुढच्या इयत्तांत काय शिकवतात याची तिला फारशी चुटपुट नव्हती.

चुटपुट होती ती वेगळीच. एवढं शिकून सून अजून उमेदवारच होती. पोस्टडॉक म्हणतात त्याला. डॉक्टरकी झाली, नावाला उपाधी लागली, तरी माणूस आपलं उंबऱ्यावर उभं. आत ये म्हणत नाहीत आणि जाही म्हणत नाहीत. पहिली दोन वर्षं एका विद्यापीठात गेली, मग दीड वर्ष परदेशात, आणि आता तिसरं वर्ष या राष्ट्रीय प्रयोगशाळेत. तीनदा बिऱ्हाड हललं. दर वेळी कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळायचं काम आक्काचं, आणि दर वेळी एक तरी कान तुटायचाच. मुलगा दूर धरणाच्या कामावर, महिन्यातून दोनदा यायचा. पहिलीतली नात, छकुली, एवढ्यात तीन गावांचं पाणी पिऊन बसली होती. आणि सुनेला दर वर्षी एक कागद यायचा, मुदत अकरा महिन्यांनी वाढवल्याचा.

"अकराच का गं? बारावा महिना काय उंदरांनी खाल्ला?" आक्का विचारायची.

"नियम आहे, आई."

"नियम करणाऱ्याच्या घरी बाराव्या महिन्यात चूल पेटत नसेल."

सून हसायची, पण ते हसू ओठांतच अडकायचं. डोळ्यांखाली काळं, केसांत तिशीतच पांढरं. घरी आली की पर्स खुर्चीवर टाकून पाच मिनिटं तशीच उभी राहायची, जणू पुढचं पाऊल कुठलं ते कोणी तरी सांगावं.

या खेपेला मात्र पुढचं पाऊल दिसत होतं. चार वर्षांनी प्रयोगशाळेत कायमची एक जागा निघाली होती. एक जागा आणि अकरा उमेदवार. वयाची अट पस्तीस, आणि सुनेला पस्तीस पूर्ण व्हायला दोनच महिने उरलेले. म्हणजे हीच गाडी. ही चुकली तर पुढची नाही. मुलाखत गुरुवारी होती.

सोमवारी सकाळी वर्कशॉपातला फिटर गच्चीवरची चौकट उतरवायला आला.

या चौकटीची गोष्ट अशी. सून काम करायची ती गंजावर. लोकांच्या सुना सोनं शोधतात, हिने गंज शोधला. पूल, टाक्या, विजेचे खांब, सगळं लोखंड आणि सगळ्याला गंज. तो लागू नये म्हणून तिने एक राखाडी रंग तयार केला होता. तो किती टिकतो हे बघायला तळहाताएवढ्या लोखंडी पट्ट्या एका तिरक्या चौकटीत बसवल्या होत्या. खालच्या रांगेत नऊ पट्ट्या नुसत्याच, मधल्या रांगेत नऊ बाजारातल्या रंगाच्या, आणि वरच्या रांगेत नऊ सुनेच्या रंगाच्या. प्रयोगशाळेच्या छपरावर भट्टीचा धूर येतो म्हणून चौकट इथे, क्वार्टर्सच्या गच्चीवर, आक्काच्या डोक्यावर येऊन बसली. समुद्रकाठी अशीच दुसरी ठेवायची होती, ती मंजूरच झाली नाही.

दोन वर्षांपूर्वी चौकट बसवली त्या दिवशी सून म्हणाली होती, "आई, यांना हात लावायचा नाही. पुसायचं नाही, धुवायचं नाही. माझी पुढची सगळी वर्षं यावर आहेत. जिवापलीकडे जपा."

आक्काने जपलं. पुसलं नाही, धुतलं नाही, एक बोट लावलं नाही. फक्त पाऊस आला की वर जाऊन झाकलं.

त्यासाठी तिने जेवणाच्या टेबलावरची जुनी प्लास्टिकची चादर काढून ठेवली होती. चादर तोकडी. सगळ्या चौकटीला पुरेना. मग आक्काने दुनियेचा न्याय लावला: आपलं ते आधी. वरची रांग झाकली, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या, आणि पाऊस ओसरला की चादर झटकून घडी केली. सून असायची प्रयोगशाळेत. रविवारी ती फोटो काढायला वर जायची तेव्हा पट्ट्या उघड्या. सून घरी असताना पाऊस आलाच, तर आक्का म्हणायची, "वाळत घातलेले कपडे काढून आणते." कपडेही आणायची, खोटं कशाला बोला. उपकार केले तरी गाजावाजा करायचा नाही, ही आक्काची रीत. गाजावाजा ती फक्त दुसऱ्यांच्या चुकांचा करायची.

फिटर गुडघ्यावर बसून एकेक स्क्रू सैल करत होता. माणूस निवृत्तीला आलेला, बोलण्याची हौस दांडगी. आक्का त्याला चहा घेऊन वर आली.

"आक्का, तुमच्या सूनबाईंनी बाजी मारली की! बघा ही वरची रांग. कालच रंगवल्यासारखी. आणि ही खालची बघा, चाळण झालीये नुसती."

"मारणारच," आक्का म्हणाली. "सून कुणाची?"

"चाळीस वर्षं असल्या पट्ट्या लावतो आणि काढतो. दोन पावसाळे उघड्यावर काढून एवढी गुळगुळीत पट्टी मी नाही पाहिली."

"उघड्यावर कशाला काढायला लावतात पण? आडोसा करता येत नाही का?"

फिटर असा हसला की स्क्रूड्रायव्हर हातातून निसटला. "अहो आडोसा केला तर परीक्षा कसली? पाऊस खायलाच तर ठेवतात. पाऊस, ऊन, धूळ अंगावर घेऊन जी टिकेल ती खरी. झाकून ठेवणं म्हणजे पोराच्या बाकावर आईने शेजारी बसून उत्तरं सांगण्यातली गत."

आक्का काही बोलत नाही हे फिटरने तीन वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं असेल, पण त्याचं लक्ष स्क्रूकडे होतं.

"आता हा रंग म्हणे नदीवरच्या नव्या पुलाला लावणार," तो पट्ट्या कागदात गुंडाळत म्हणाला. "सूनबाईंची जागा पक्की समजा. तोंड गोड करायला येतो शुक्रवारी."

तो गेला. आक्का गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसली. दोन वर्षं ती तीन मजले चढली होती. गुडघे बोलायला लागले तरी चढली होती. आणि त्या प्रत्येक चढण्याने सुनेच्या कामाच्या पायाखालची एकेक वीट काढली होती.

दोन दिवस तिने तोंड उघडलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणाला कळणार आहे? चादर बोलत नाही, विटा बोलत नाहीत. मुलाखत होऊ दे, जागा हातात पडू दे, मग बघता येईल. सोमवारी दुपारभर ती असंच स्वतःला समजावत राहिली. मंगळवारी शेंगा सोलताना साली पातेल्यात आणि दाणे केराच्या टोपलीत गेले, तेव्हा तिला कळलं की हे काही खरं नाही.

बुधवारी सून दुपारीच घरी आली. दुसऱ्या दिवशी बोलायचं म्हणून टेबलावर कागद पसरून बसली. आक्का दोन कप चहा घेऊन आली तर सून एकाच कागदाकडे बघत होती.

"काय झालं?"

"जुळत नाहीये." सुनेने डोळे चोळले. "प्रयोगशाळेत एक पेटी आहे, आई. तिच्यात पट्ट्यांवर खारट पाण्याचा फवारा सोडतात. तिथे माझा रंग सहा आठवड्यांत फुगला. आणि गच्चीवर दोन वर्षं काही नाही. उद्या ते पहिला प्रश्न हाच विचारतील. सर म्हणतात, चांगला निकाल आलाय तर शंका कसली काढतेस. पण माझंच कुठेतरी चुकतंय. पेटीतलंच मी नीट केलं नसणार. चार रात्री तेच तपासतेय."

आक्काने आयुष्यात चूक कबूल केली नव्हती. भाजी खारट झाली तर मीठ खारट निघालं म्हणणारी बाई ती. पण या पोरीने न केलेली चूक स्वतःच्या अंगावर शोधत बसावं, आणि आपण समोर बसून चहा ढवळावा, हे तिच्या गर्वालाही झेपेना.

"तुझी पेटी बरोबर आहे," ती म्हणाली.

"अं?"

"पेटी बरोबर आहे. गच्ची चुकली. वरच्या रांगेवर मी चादर टाकत होते."

"कसली चादर?"

"टेबलावरची. फुलांची. टाकून द्या म्हणाली होतीस ती. पाऊस आला की टाकायचे. दोन्ही पावसाळे. हात नाही लावला हां, एक बोट नाही. तू म्हणालीस जपा, म्हणून जपलं."

सुनेने पुढ्यातला कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. मग ती इतकंच म्हणाली, "तरीच."

आणि खुर्चीत मागे टेकली. कित्येक दिवसांनी खांदे खाली आले. एवढी मोठी आपत्ती ऐकून माणसाला हायसं वाटावं, हे आक्काला कळेना.

"बोल ना मला काहीतरी," ती म्हणाली. "ओरड. भांडं आपट."

"भांडं आपटायला आधी उचलावं लागतं, आई. तेवढंही त्राण नाही हो."

"माझ्या सासूने असं केलं असतं ना, तर मी गावभर केलं असतं."

"मग तुम्ही काय करायला हवं होतं म्हणता? मला न सांगता आणखी एक दिवस काढायचा?"

"तेच करणार होते," आक्का म्हणाली. "सोमवारपासून तेच करत होते. पण मग मनात आलं, तो फिटर म्हणतो हा रंग पुलाला लावणार. पुलावर चादर घेऊन कोण उभं राहणार? मी किती दिवस पुरणार?"

सुनेने कोरा कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं. "कधी कधी झाकलं, सांगा."

"आता ते काय आठवायचं?"

"आठवेल तेवढं."

आक्काला तारखा येत नव्हत्या, पण दिवस येत होते. छकुलीचा पहिला दात पडला त्या दुपारी. गॅस संपला त्या आठवड्यात तीनदा. मुलगा येणार होता आणि आला नाही त्या शनिवारी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. शेजारणीचा फ्रीज तिसऱ्या मजल्यावर चढवताना हमाल चिंब भिजले, त्या दिवशी. सून मोबाईलमधून एकेकाची तारीख शोधून लिहीत गेली. एका कागदाचे चार झाले. अर्ध्या तासाने तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जे आक्काने या पोरीच्या चेहऱ्यावर फार दिवसांत पाहिलं नव्हतं. कामात बुडालेलं माणूस दिसतं तसं.

"कधी राहून गेलं का?"

"दुसऱ्या वर्षी मला ताप आला होता बघ. नऊ दिवस अंथरुणाला खिळले होते. पाऊस तर आभाळ फाटल्यासारखा. तेव्हा कोण जाणार वर? ते नऊ दिवस उघडेच."

सुनेचं पेन थांबलं. तिने मोबाईलमध्ये खूप मागे जाऊन एक फोटो काढला, बोटांनी मोठा केला, आणि आक्काच्या समोर धरला. वरच्या रांगेतल्या सातव्या पट्टीच्या कडेला मसुराएवढा फोड.

"त्या रविवारी हा दिसला होता मला," ती म्हणाली. "नंतर वाढला नाही. बाकीच्या आठ पट्ट्या चांगल्या. मी लिहिलं, बसवताना ओरखडा गेला असेल. आणि ती पट्टी हिशेबातून काढून टाकली."

"मग?"

"मग काही नाही. चादर तुम्ही टाकलीत, फोड मी झाकला. आपलं ठेवायचं झाकून म्हणतात ना, ते आपल्या घरात दोघींनी केलं."

चहावर साय धरली होती. आक्काने दोन्ही कप उचलले, नळाखाली धरले, आणि पुन्हा आधण ठेवलं. पाठ वळवूनच तिने विचारलं, "उद्या सांगणार का?"

"दुसरं काय करणार?"

"फोडाचंही?"

"फोडाचंही."

"फोडाचं नको सांगूस. माझ्यावर ढकल सगळं. अडाणी सासू आहे, काय वाटेल ते करते, म्हण. मला काय, कुठे मुलाखत द्यायचीये?"

सून पहिल्यांदाच मनापासून हसली. "तुम्ही अडाणी आहात हे कोणाला पटेल, आई?"

गुरुवारी सून सकाळी नऊला गेली ती चारला परतली. आक्काने तोंड बघितलं. पाणी दिलं. सुनेने सँडल काढले, पाय खुर्चीच्या दांडीवर ठेवले आणि भिंतीकडे बघत सांगितलं.

समितीत सहा जण होते. पहिलंच चित्र पडद्यावर लावायच्या आधी तिने सगळं सांगून टाकलं, चादर आणि फोड दोन्ही. चादरीवर एक जण हसला. म्हणाला, सासूबाईंना देखरेखीवर नेमायला हवं होतं. फोडावर कोणी हसलं नाही. टोकाला बसलेल्या बाईंनी एकच विचारलं: नऊपैकी एक पट्टी वेगळं सांगत होती, तर तुम्ही तिचं ऐकलं का नाहीत? सून म्हणाली, मुदत संपत आली होती. बाईंनी ते लिहून घेतलं.

"रागावल्या?"

"नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं."

जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली होती. अडीचला नाव लागलंसुद्धा. सूर्यावर चालणाऱ्या बॅटऱ्यांवर काम करणारा मुलगा, सुनेच्या ओळखीचा, चांगला होता म्हणाली. नंतर सर तिला बाजूला घेऊन पंधरा मिनिटं बोलले. आधी चिडले, मग दमले, मग म्हणाले की पट्ट्या पुन्हा लावायच्या असतील तर मुदत वाढवून मागतो. अकरा महिने.

"पट्ट्यांना दोन वर्षं लागतात ना?"

"हो."

"मग अकरा महिन्यांत काय अर्धाच गंज चढवायचा?"

"पुढचं पुढे बघू, आई. कायमची जागा आता इथे नाही मिळायची, वय गेलं. दुसरीकडे उमेदवारी मिळेल कुठेतरी. मिळेलच असंही नाही. यांना फोन केला मी. म्हणाले, सोडून दे, इकडे ये, शाळेत शिकव."

"आणि तू?"

"मला आज काहीच ठरवायचं नाहीये." तिने पर्समधून एक कागद काढला. "सरांना फाईलला लावायला तुमचं निवेदन हवंय. मी लिहून आणलंय तिथेच बसून. सही करा."

"आधी वाच."

"साधंच आहे."

"न वाचता सही मी लग्नातसुद्धा केली नाही. वाच."

सुनेने वाचलं. मी, अमुक, वय सदुसष्ट, गच्चीवरील चौकटीतील वरच्या रांगेतील पट्ट्या पावसाच्या वेळी, सोबतच्या यादीत दिलेल्या दिवशी, अनवधानाने प्लास्टिकच्या चादरीने झाकल्या.

"अनवधानाने म्हणजे काय गं?"

"लक्ष नसताना. न कळत."

"न कळत?" आक्काचा आवाज चढला. सोमवारपासून पहिल्यांदाच तो आपल्या मूळ उंचीवर आला. "तीन मजले चढून, विटा उचलून, न कळत? गुडघे काय झोपेत झिजले माझे? खोड ते."

"आई, त्याने तुमच्यावर ठपका कमी येतो. म्हणून लिहिलंय."

"मला सूट नको. तू फोड सांगून आलीस ना सहा जणांसमोर? तिथे अनवधान म्हणालीस?"

"नाही."

"मग मीही नाही. लिही, मुद्दाम झाकल्या. सुनेचं काम आहे, भिजून वाया जाईल, असं वाटलं म्हणून झाकल्या. पाऊस खायला ठेवल्यात हे मला माहीत नव्हतं. विचारायला हवं होतं, विचारलं नाही."

सुनेने तो शब्द खोडला आणि आक्का बोलली तसंच, त्याच क्रमाने, सावकाश लिहिलं. शेवटच्या वाक्याशी ती थबकली. "विचारलं नाही, हेही?"

"हेही. तेच तर झालं."

आक्काने चष्मा लावला, कागद टेबलाच्या कडेला ओढला. सही करायला तिला वेळ लागायचा. एकेक अक्षर ती अजून पाटीवर गिरवल्यासारखं काढायची, आणि काढताना कोणी बोललेलं तिला खपायचं नाही. सही झाली तेव्हा सुनेने कागद उचलून बघितला, बराच वेळ, मग घडी न करता पुस्तकात ठेवला आणि टेबलावरच हातांवर डोकं टेकलं.

खाली शाळेच्या बसचा हॉर्न वाजला. लवकर घरी आलेल्या दिवशी सून जायची छकुलीला घ्यायला. ती उठू लागली.

"बस तू," आक्का म्हणाली, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागली.